भाकीत चुकलें, पण कां चुकलें?

पाऊस आणि वेधशाळा ह्यांची थट्टा करणें हा आपल्याकडे फार दिवसांचा करमणुकीचा विषय होऊन बसला आहे. वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरीं ठेवावी, आणि कोरडें हवामान सांगितलें म्हणजे ती बरोबर घ्यावी, हा विनोद आजोबांनीं केला, वडिलांनीं केला व आतां नातूही करीत आहे. विनोदास आमची हरकत नाहीं. परंतु पहिल्या सरीच्या भरंवशावर ज्यानें बीं पेरलें, आणि पुढें तीन आठवडे आकाश कोरडें राहिल्यामुळें ज्यास दुबार पेरणीसाठीं कर्ज काढावें लागलें, त्या शेतकऱ्यास ह्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. चुकलेल्या भाकिताची किंमत कोणी तरी देतच असतो. तेव्हां प्रश्न असा कीं, भाकीत चुकलें असतां आपण हंसून मोकळें व्हावें, रागावून मोकळें व्हावें, कीं तें कां चुकलें ह्याचा छडा लावावा? तिसरा मार्गच शहाणपणाचा आहे, आणि हवामानशास्त्राची गेल्या शंभर वर्षांत जी प्रगति झाली ती बव्हंशीं ह्याच मार्गानें झाली, एवढेंच ह्या लेखाचें म्हणणें आहे.

प्रथम हीं भाकितें कशीं तयार होतात तें थोडक्यांत पाहूं. पृथ्वीवरील वातावरणाच्या काल्पनिक चौकटी पाडावयाच्या. प्रत्येक चौकटींतील हवेचा दाब, उष्णता, वारा व बाष्प ह्यांचे आंकडे घालावयाचे. आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांनीं कांहीं मिनिटांनंतर ते आंकडे काय होतील तें काढावयाचें. असे पुष्कळ टप्पे एकामागून एक घेतले म्हणजे उद्यांचें हवामान हातीं येतें. ह्या सर्व मांडणीस हल्लीं सर्रास ‘मॉडेल’ म्हणतात. उद्यांच्या हवेचें मॉडेल व शंभर वर्षांनंतरच्या हवामानाचें मॉडेल हीं एकाच कुळांतलीं आहेत. आतां अशा गणितांत चूक शिरण्यास वाटा अनेक आहेत. आरंभींचे आंकडेच चुकीचे असतील. चौकट फार मोठी असेल. चौकटीच्या आंत घडणाऱ्या गोष्टींसाठीं योजलेले नियम सदोष असतील. ज्या मापानें आपण भाकीत पडताळून पाहतों तें मापच खोटें असेल. किंवा निसर्गाच्या स्वभावामुळेंच पुढचें दिसत नसेल. ताप हें लक्षण आहे, रोग नव्हे. हिंवताप कीं विषमज्वर हें न पाहतां जो वैद्य सर्वांना एकच पुडी देतो, त्याच्या हातून गुण येणें दैवाधीन आहे. चुकलेलें भाकीत हेंही असेंच लक्षण समजावें.

ल्युइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज गणितज्ञाचें उदाहरण ह्या बाबतींत प्रत्येक विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ते क्वेकर पंथाचे असल्यामुळें शस्त्र धरणें त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीस मान्य नव्हतें. म्हणून पहिल्या महायुद्धांत ते फ्रान्समध्यें जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या पथकांत दाखल झाले. आणि तेथेंच, रणांगणामागील एका थंडगार निवाऱ्यांत, गवताच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनीं एक अपूर्व गणित सोडविलें. २० मे १९१० ह्या दिवसाचे सकाळचे युरोपांतील आंकडे घेऊन, हवेचा दाब सहा तासांत किती बदलेल तें त्यांनीं केवळ हातानें काढलें. ह्या कामीं त्यांचे जवळजवळ सहा आठवडे गेले. पुढें १९१७ सालच्या लढाईच्या धांदलींत हें हस्तलिखित हरवलें आणि कित्येक महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें.

एवढ्या कष्टांचें उत्तर काय आलें? सहा तासांत दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल असें तें उत्तर होतें. प्रचंड वादळांतही सहा तासांत असा फेर पडत नाहीं. आणि त्या दिवशीं तर दाब जवळजवळ स्थिरच होता. दुसरा कोणी असता तर त्यानें तें प्रकरण गाळून टाकलें असतें. रिचर्डसन ह्यांनीं १९२२ सालीं आपला ग्रंथ छापला, तेव्हां तें चुकलेलें उदाहरण सर्व आंकड्यांसह त्यांत दिलें, आणि दोष बहुधा आरंभींच्या वाऱ्याच्या आंकड्यांत असावा असें आपलें मतही नोंदविलें. ह्या प्रामाणिकपणाचें फळ पुढच्या पिढ्यांना मिळालें. पीटर लिंच नांवाच्या आयरिश शास्त्रज्ञांनीं तेंच गणित संगणकावर पुन्हां केलें, आणि आपला निष्कर्ष २००६ सालीं ग्रंथरूपानें मांडला. रीति मुळांत बरोबर होती. परंतु आरंभींचा वारा आणि आरंभींचा दाब ह्यांचा एकमेकांशीं मेळ नव्हता.

ह्याचा अर्थ घरगुती दृष्टान्तानें सहज कळेल. हौदांत घागर बुडवून काढली म्हणजे पाण्यावर लाटा उठतात. त्या क्षणीं कांठाशीं पाणी किती वेगानें वर चढत आहे तें मोजून, ‘ह्याच वेगानें सहा तास चढलें तर पाणी कोठवर जाईल?’ असा हिशेब कोणी केला, तर हौद भरून वाहूं लागेल असें उत्तर येईल. वास्तविक दुसऱ्याच क्षणीं लाट खालीं जाणार असते. वाऱ्याच्या व दाबाच्या आंकड्यांत मेळ नसल्यामुळें रिचर्डसन ह्यांच्या कागदावर अशाच खोट्या लाटा उठल्या, आणि त्यांचा क्षणिक वेग सहा तासांनीं गुणला गेला. लिंच ह्यांनीं आरंभींच्या आंकड्यांतून त्या लाटा गाळून काढल्या, तेव्हां १४५ चा फेर एका मिलिबारापेक्षांही कमी झाला! चुकलेलें उत्तर फाडून फेंकलें असतें, तर हा बोध कोणास झाला असता?

आरंभींची चूक लहान असली म्हणजे परिणामही लहान, अशी आपली समजूत असते. अमेरिकेंतील एडवर्ड लोरेन्झ ह्यांना १९६१ सालीं निराळाच अनुभव आला. एक गणित मध्यापासून पुन्हां करतांना त्यांनीं ०·५०६१२७ ह्या आंकड्याऐवजीं ०·५०६ एवढाच घातला. आणि थोड्याच अवधींत नवें उत्तर जुन्या उत्तरापासून पार निराळें झालें. म्हणून हल्लीं एकच भाकीत न काढतां आरंभींचे आंकडे किंचित् बदलून अनेक भाकितें काढतात. युरोप व अमेरिका येथील मोठ्या केंद्रांत ही पद्धति १९९२ सालापासून रूढ झाली. चुकीचें निदान करण्यास तिचा मोठा उपयोग होतो. सर्व भाकितें दहा दिशांना पांगलीं, तर त्या दिवशींची हवाच अनिश्चित होती असें समजावें. परंतु सर्वांचें एकमत होऊन प्रत्यक्षांत भलतेंच घडलें, आणि असें वारंवार होऊं लागलें, तर दोष मॉडेलांत आहे असा संशय घ्यावा.

चौकटीच्या आकाराचा दोष आपल्या सह्याद्रीइतका दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसेल. महाबळेश्वरास वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; घाट उतरून वाईस यावें तर त्याचा चौथा हिस्साही पडत नाहीं. शंभर किलोमीटरांच्या चौकटींत हीं दोन्हीं गांवें एकच होतात, डोंगराचा कडा सपाट होतो, आणि दोहोंच्या वांट्यास सारखाच पाऊस येतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधींत कुलाब्यास सुमारें ७४ च मिलिमीटर झाला. त्या वेळच्या मोठ्या चौकटींच्या जाळ्यांतून एवढी लहान व एवढी भयंकर घटना निसटून जावी ह्यांत नवल नव्हतें. मे २०२५ मध्यें भारतीय हवामानखात्यानें पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंत तयार झालेली सहा किलोमीटर चौकटीची पद्धति अमलांत आणली, ती हा दोष कमी करण्यासाठींच होय.

परंतु चौकट लहान केली म्हणजे सर्व दोष गेले असें नव्हे. एक एक ढग सहा किलोमीटरांहूनही लहान असतो. त्याचें काम अंदाजी नियमांनीं चालवावें लागतें, आणि पुष्कळ चुकांचें मूळ तेथेंच असतें. वळवाचा पाऊस केव्हां येतो हें देशावरील लहान मूलही सांगेल. दुपारभर ऊन तापतें, ढग चढूं लागतात, आणि तिसऱ्या प्रहरानंतर किंवा सायंकाळीं गडगडाटासह सर येते. जगांतील बहुतेक जुन्या मॉडेलांत मात्र जमिनीवरील असा पाऊस मध्यान्हींच पडून जाई. शिवाय मुसळधार सरीऐवजीं सारखी रिमझिम पडे. दिवसाच्या पावसाची बेरीज कित्येकदां जवळपास जुळे. म्हणून केवळ बेरीज पाहणाऱ्यास हा दोष दिसत नसे. ज्यांनीं तासातासाचा हिशेब तपासला, त्यांना कळून आलें कीं, ढग हळूहळू वाढण्यास जो वेळ लागतो तो ह्या नियमांत धरलेलाच नाहीं. ऊन लागतांच पाऊस मोकळा होतो. हें निदान झाल्यावर सुधारणेची दिशा सांपडली. शतकाचें हवामान वर्तविणारीं मॉडेलेंही ह्याच युक्तीनें तपासतात. त्यांना एखाद्या ठराविक दिवसाचे खरे आंकडे देऊन चार-पांच दिवसांचें भाकीत करावयास लावतात, आणि चूक पहिल्या तासांत कोठें डोकें वर काढते तें पाहतात. पुढें सर्व गोष्टी एकमेकींत मिसळून जातात व मूळ दोष झांकला जातो. आरंभीं तो उघडा असतो.

येथें विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें अशी एक गोष्ट आहे. बीजगणितांत एका पायरीस चिन्ह चुकलें व दुसऱ्या पायरीस पुन्हां चुकलें, तर उत्तर बरोबर येतें. केवळ उत्तर पाहणारा परीक्षक पूर्ण गुण देईल. पण शिक्षकानें देऊं नयेत. मॉडेलांतही दोन चुका एकमेकींस झांकतात, आणि मग एक चूक दुरुस्त केली कीं एकंदर उत्तर सुधारण्याऐवजीं बिघडतें! दक्षिण ध्रुवाभोंवतालच्या महासागरावरील ढगांत पाणी शून्याखालींही द्रवरूप राहतें. पुष्कळ मॉडेलें त्याचें फार लौकर बर्फ करीत. त्यामुळें त्यांतील ढग विरळ होत, ऊन अधिक खालीं येई, आणि समुद्र वाजवीपेक्षां अधिक तापे. ही चूक दुरुस्त केल्यावर कांहीं नव्या मॉडेलांत पृथ्वीची भावी तापमानवाढ फारच मोठी दिसूं लागली. तेव्हां २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत शास्त्रज्ञांनीं केवळ मॉडेलांवर न विसंबतां प्राचीन हवामानाचा व प्रत्यक्ष मोजमापांचा पुरावाही घेऊन आपला अंदाज बांधला. बरोबर उत्तर चुकीच्या कारणानें आलें, तर तें उद्यां दगा देईल. शास्त्रांत काय आणि आयुष्यांत काय, हा नियम सारखाच खरा आहे.

कधीं कधीं दोष मापाचा असतो. १९७९ पासून उपग्रहांच्या साहाय्यानें हवेचें तापमान मोजलें जात आहे. आरंभींच्या त्या नोंदींत हवा तापत असल्याचें दिसेना, उलट किंचित् थंड होत असल्यासारखें दिसे. आणि मॉडेलें खोटीं ठरलीं असा पुष्कळांनीं गवगवा केला. १९९८ सालीं वेन्ट्झ व शाबेल ह्यांनीं दाखविलें कीं, विरळ हवेच्या घर्षणानें उपग्रह हळूहळू खालीं येत होते, आणि त्यांची उंची कमी झाल्याचा हिशेब कोणीं धरलाच नव्हता. वाणसामान कमी भरलें म्हणून वाण्याशीं भांडण्यापूर्वीं घरचा तराजू एकदां पाहावा.

आतां आपल्या मान्सूनकडे वळूं. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी ह्यांनीं सोळा निदर्शकांवर आधारलेली एक पद्धति तयार केली, व १९८८ पासून हवामानखातें तिचा उपयोग करूं लागलें. वर्षामागून वर्षें पाऊस ‘सरासरीइतका’ असें भाकीत होई आणि साधारण तसाच पाऊस पडे. लोकांचा विश्वास बसला. २००२ सालीं त्याच पद्धतीनें १०१ टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षांत ८१ टक्केच झाला, आणि ऐन जुलैंत तर जवळजवळ निम्माच पडला. देशावर दुष्काळाची छाया पसरली.

ह्या चुकीचें निदान काय? पहिली गोष्ट, १९८८ ते २००१ ह्या चौदा वर्षांत देशव्यापी अवर्षण एकदांही आलें नव्हतें. अशा काळांत जो कोणी दर वर्षीं डोळे मिटून ‘सरासरीइतका’ म्हणेल, तोही बहुधा खरा ठरेल. म्हणजे त्या पद्धतीची खरी परीक्षा चौदा वर्षें झालीच नव्हती. पहिली परीक्षा आली तेव्हां ती नापास झाली. दुसरी गोष्ट, असे निदर्शक म्हणजे भूतकाळांत पावसाबरोबर आढळलेल्या खुणा होत; त्यांचा पावसाशीं कार्यकारणसंबंध आहेच असें नाहीं, आणि असला तरी तो कायम टिकतो असेंही नाहीं. प्रशांत महासागरांतील ‘एल निनो’ प्रबळ असला म्हणजे आपला पाऊस घटतो अशी समजूत होती. पण १९९७ सालीं एल निनो अत्यंत प्रबळ असूनही पाऊस नेहमींसारखा झाला, आणि २००२ सालीं तो सौम्य असूनही पाऊस घटला. डॉ. सुलोचना गाडगीळ व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००४ सालीं दाखविलें कीं, आपल्याच हिंदी महासागरावरील विषुववृत्ताजवळच्या ढगांचा पूर्व-पश्चिम झोंका ह्यांत महत्त्वाचा आहे. १९९७ मध्यें तो अनुकूल होता, २००२ मध्यें प्रतिकूल. ह्याप्रमाणें एका फसलेल्या भाकितानें सर्वांचें लक्ष दारापुढच्या समुद्राकडे वळविलें. २००३ सालीं खात्यानें जुनी पद्धति बदलली, आणि २०१२ पासून ‘मान्सून मिशन’ ह्या नांवानें समुद्र व वातावरण ह्यांचें एकत्र गणित करणारीं मॉडेलें आपल्या पावसासाठीं सुधारण्याचें काम हातीं घेतलें गेलें. त्यांतही दोष निघाले, आणि त्यांचीही चिकित्सा झाली. हें असेंच चालावयाचें.

कोणी म्हणेल, इतक्या चुका आहेत तर ह्या शास्त्रावर विश्वास कां ठेवावा? ह्याचें उत्तर ओरिसाच्या किनाऱ्यावर मिळतें. ऑक्टोबर १९९९ मधील चक्रीवादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. ऑक्टोबर २०१३ मध्यें ‘फायलिन’ हें प्रचंड वादळ त्याच किनाऱ्यावर आलें. परंतु त्यापूर्वीं मिळालेल्या भाकितावर भरंवसा ठेवून लाखों लोकांना सुरक्षित स्थळीं हलविण्यांत आलें, आणि मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. जगभर पाहिलें तर दर दहा वर्षांमागें भाकिताची नजर सुमारें एक दिवस पुढें गेली आहे. हीं हजारों माणसें कोणा एका प्रतिभावंतानें वांचविलीं नाहींत. आपल्या चुकांची वही उघडी ठेवून बसलेल्या असंख्य कष्टाळू लोकांनीं वांचविलीं.

उलट बाजूचेंही एक उत्तर द्यावयास हवें. मॉडेलें चुकतात, म्हणून पृथ्वी तापत असल्याची गोष्टच खोटी, असें म्हणणारे लोक आहेत. १९८८ सालीं जेम्स हॅन्सन ह्यांनीं केलेल्या मुख्य भाकितापेक्षां पृथ्वी कमी वेगानें तापली, हें खरें. पण कारण शोधलें तेव्हां असें दिसलें कीं, हवेंत जितके उष्णताधारक वायु मिसळतील असें त्यांनीं धरलें होतें तितके मिसळले नाहींत. शीतयंत्रांतील वायूंवर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें निर्बंध आले, हेंही त्याचें एक कारण. खरे आंकडे घालून पाहिलें तर भाकीत पुष्कळसें जुळतें. म्हणजे चूक निसर्गनियमांची नसून मुख्यतः मनुष्य पुढें कसा वागेल ह्या अंदाजाची होती. आणि ह्या एका बाबतींत मनुष्य अपेक्षेपेक्षां शहाणा निघाला! ‘चूक आहे’ एवढेंच म्हणून थांबणारा माणूस आणि ‘चूक कोणती, किती व कशामुळें’ असें विचारणारा माणूस ह्यांच्यांत हाच फरक आहे. पहिला बोलणें संपवितो. दुसरा काम सुरू करतो.

विद्यार्थी मित्रहो, ह्यासाठीं प्रचंड संगणक नको. येत्या जून महिन्यांत एक वही करा. पहिल्या रकान्यांत वेधशाळेचें भाकीत लिहा. दुसऱ्यांत शाळेच्या किंवा घरच्या पर्जन्यमापकांत मोजलेला पाऊस लिहा. आणि तिसरा रकाना ‘कारण’ म्हणून मोकळा ठेवा. भाकीत ज्या दिवशीं चुकेल त्या दिवशीं वाऱ्याची दिशा, ढगांचा प्रकार, सर आली ती वेळ ह्यांची नोंद करा. भाकीत खरें ठरेल त्या दिवशींही नोंद चुकवूं नका. कारण केवळ चुकाच मोजणारा मनुष्य अन्याय करतो. चार महिन्यांत तुम्हांस जें कळेल तें थट्टा करणाऱ्यांना आयुष्यभर कळत नाहीं.

आणि पालकांना नम्र विनंति अशी कीं, मुलगा किंवा मुलगी गणिताचा चुकलेला कागद घेऊन घरीं येईल, तेव्हां ‘किती गुण गेले?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. ‘कोणत्या पायरीस चुकलें, आणि कां?’ हा पहिला विचारावा. चूक दडविणाऱ्या मुलाची ती चूक त्याच्याबरोबरच वाढते. जें मूल आपली चूक उजेडांत ठेवून तिचें मूळ शोधावयास शिकलें, तें पुढें वेधशाळेंत जावो, शेतावर जावो, कीं दवाखान्यांत जावो, त्याच्या शब्दावर दुसऱ्यांना आपली पेरणी करतां येईल.